रुंद टायर आणि अरुंद रिम

सायकल हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. इतिहास, अर्थकारण, साहित्य, परराष्ट्रधोरण अशा विषयांच्या पंगतीत टायर आणि रिम यांनाही पाट मांडावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या वस्तूवर आपली मुले दररोज आपला जीव सोपवून रस्त्यावर उतरतात, तिच्याविषयी तासभर विचार करणे हे नागरिकांचे कामच आहे, अशी आमची समजूत आहे. आणि त्या समजुतीवरच हा विषय आम्ही निवडला आहे.

प्रश्न असा आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना वीस-तेवीस मिलिमीटर रुंदीचे, बोटाएवढे टायर असत. आता काळ फिरला आहे. खड्ड्यांतून, खडीवरून, पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावरून जावयाचे तर रुंद टायर बरा, हे सर्वांना पटले आहे. आणि ते खरेही आहे. त्यातच ट्यूब नसलेला, म्हणजे ट्यूबलेस टायर आला. त्यात ट्यूब नसल्यामुळे ती खड्ड्यात चिमटून फुटण्याचा प्रश्न उरत नाही, आणि आत घातलेले पातळ सीलंट बारीकसारीक भोके आपोआप बुजवते. तेव्हा घरात असलेल्या जुन्या सायकलीला पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर बसवावे, अशी इच्छा अनेकांना होते. टायरला पैसे पडतात, परंतु चाके नवी घेण्यापेक्षा ते पुष्कळच कमी. अडचण एवढीच की टायर नवा आणि रुंद, रिम जुनी आणि अरुंद. टायर तिच्यावर चढतो, हवाही राहते, सायकल अंगणात छान चालते. मग बिघडले कोठे? ते अंगणात कळत नाही. घाटाच्या उतारावर, वळणावर कळते. म्हणून ते आधीच समजून घेतलेले बरे.

टायर रिमला कशाने धरून राहतो?

आपल्याकडील बैलगाडीचे चाक पाहा. त्याच्यावरची लोखंडी धाव खिळ्यांच्या जोरावर टिकत नाही. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, तापवून फुगवतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळून घेतो. सारा जोर मापाचा असतो. धाव सैल झाली की चाक गेले. सायकलीच्या टायरची गोष्ट, हवा आणि रबर जमेस धरूनही, फारशी वेगळी नाही.

हवेचा टायर प्रथम सुचला तो रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाला, १८४५ साली. तो काळाच्या पुढे होता; सायकलच नीट जन्मलेली नव्हती. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तीच कल्पना स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली. परंतु डनलॉपचा टायर चाकाला कायमचा जखडलेला असे. पंक्चर काढावयाचे म्हणजे मोठे संकट. तो काढता-घालता यावा यासाठी १८९० साली दोन निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली. या तारेचा घेर रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा लहान असल्यामुळे टायर निसटू शकत नाही. आणि रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असल्यामुळे एका बाजूची कड तीत ढकलली की दुसऱ्या बाजूची काठावरून काढता येते. विल्यम अर्स्किन बार्टलेट याने वेगळा मार्ग धरला. त्याने टायरच्या कडा जाड केल्या आणि रिमचे काठ आत वळवले. हवा भरली की कड त्या वळलेल्या काठाखाली जाऊन अडकते. एकाचा भरवसा तारेवर, दुसऱ्याचा आकड्यावर.

ही दोन नावे लक्षात ठेवण्याचे कारण असे, की आजचा सारा वाद त्या दोन युक्त्यांभोवतीच फिरतो. आजच्या बहुतेक टायरांत वेल्चची न ताणणारी कड असते; ती पोलादी तारेची तरी असते किंवा घडी घालता येईल अशा चिवट धाग्याची. ज्या रिमच्या भिंतीला आत वळलेला आकडा असतो तिच्यात बार्टलेटच्या कल्पनेचाही अंश आला. ज्या रिमची भिंत सरळ, बिनआकड्याची असते, तिच्यात टायरला धरून ठेवण्याचे काम एकट्या कडेच्या मापावर येते.

ट्यूबलेसमध्ये आणखी एक जबाबदारी वाढते. ट्यूबच्या टायरात हवा धरण्याचे काम ट्यूबचे असते. कड बैठकीवरून केसभर हलली तरी हवा जागच्या जागी राहते. ट्यूबलेस टायरात हवेचे दार म्हणजे हीच कड. ती सरकली की दार उघडले. म्हणूनच ट्यूबलेससाठी केलेल्या रिमला कडेसाठी नेमक्या मापाची सपाट बैठक असते, आणि कड परत पन्हळीत घसरू नये म्हणून बैठकीच्या आतल्या बाजूस बारीक उंचवटा असतो. मोटारींच्या ट्यूबलेस टायराची घोषणा अमेरिकेतील गुडरिच कंपनीने १९४७ साली केली. सायकलींसाठी बैठक आणि कड यांची मापे एकमेकांशी जुळवलेली अशी पद्धत बाजारात यावयास १९९९ साल उजाडले. ती फ्रान्समधील माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या कंपन्यांनी मिळून, डोंगरी सायकलींसाठी आणली. त्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्याही असंख्य साध्या रिमांत ही बैठक आणि हा उंचवटा नसतो. त्यांवर टेप गुंडाळली म्हणून त्या ट्यूबलेस होत नाहीत. त्या फक्त भोके बुजवलेल्या रिमा होतात.

मापांची भाषा

पुढे जाण्यापूर्वी मापे वाचावयास शिकले पाहिजे. सायकलीच्या बाजारात इंचांची मापे फार फसवी आहेत. ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून जो टायर आपल्या जुन्या दांड्याच्या सायकलीला लागतो, त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. हल्लीच्या शर्यतीच्या सायकलीचा टायरही अठ्ठावीस इंचीच म्हणवतो, पण त्याचा व्यास ६२२. ‘सव्वीस इंची’ या नावाखाली तर ५५९, ५८४, ५९० असे निरनिराळे व्यास नांदतात. म्हणून इंच सोडून द्यावे आणि टायरच्या अंगावर छापलेले दुहेरी माप वाचावे. ‘४७-६२२’ याचा अर्थ टायर ४७ मिलिमीटर रुंद आणि कडेच्या बैठकीचा व्यास ६२२ मिलिमीटर. रिमवर ‘६२२ × १९’ असे असेल तर व्यास तोच आणि दोन भिंतींमधील आतली रुंदी १९ मिलिमीटर. ही पद्धत ५७७५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात घालून दिलेली आहे.

रिमची रुंदी म्हणजे बाहेरून दिसणारी रुंदी नव्हे, हे विशेष सांगावे लागते. बाहेरून चोवीस मिलिमीटर भरणारी रिम आतून एकोणीस किंवा सतराच असू शकते. टायर काढून, व्हर्नियर कॅलिपर घेऊन, एका भिंतीच्या आतल्या काठापासून दुसरीच्या आतल्या काठापर्यंत मोजावे. आकडा असेल तर आकड्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजावे. हे एक माप कागदावर लिहून ठेवले म्हणजे अर्धे काम झाले.

ओढीचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रुंद टायरात हवेचा दाब तोच ठेवला तर काय होते? सामान्य समज असा, की दाब तोच म्हणजे जोर तोच. येथेच चूक होते. हवा भरलेल्या नळीच्या कातडीवर पडणारा ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. म्हणजे टायर दुप्पट रुंद झाला आणि दाब तोच राहिला, तर टायरच्या अंगातली ओढ दुप्पट होते. आणि ही ओढ टायर शेवटी रिमच्या भिंतीवर नेऊन टाकतो.

आकडे घेऊन पाहू. आपल्याकडे हवा पौंडात मोजतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. २८ मिलिमीटरच्या टायरात ८० पौंड हवा भरली, तर टायरच्या अंगातील एका बाजूची ओढ, ६२२ च्या पूर्ण घेरावर मिळून, सुमारे १,५४० किलो भरते. आता त्याच रिमवर ४७ मिलिमीटरचा टायर चढवला आणि जुन्या सवयीने तितकीच ८० पौंड हवा भरली, तर तीच ओढ सुमारे २,५८० किलो होते. पूर्वीइतकीच ओढ ठेवावयाची असेल तर या रुंद टायरात ४७-४८ पौंडांच्या वर जाता कामा नये. हा भार घेरावर वाटलेला असतो हे खरे. पण तो वाटला गेला तरी नाहीसा होत नाही.

याला अरुंद रिम आणखी एक भर घालते. टायर आणि रिम यांची रुंदी जुळती असेल तर टायरची भिंत रिमवरून बरीच वर उठते. टायर फार रुंद आणि रिम फार अरुंद असेल तर ती रिमच्या काठावरून जवळजवळ आडवी बाहेर पडते. टायराचा छेद विजेच्या दिव्याच्या फुग्यासारखा दिसतो. आडव्या भिंतीची ओढही आडवीच. म्हणजे रिमच्या दोन्ही भिंती बाहेर फाकवण्याचा जोर वाढतो. रिम नवी, भक्कम असेल तर ती हे सोसते. पण जुन्या सायकलींचे ब्रेक रिमच्या याच भिंती घासत असतात. वर्षानुवर्षे घासून भिंत पातळ झालेली असते. सरळ पट्टी धरली तर तिच्यात खळगा दिसतो. अशी भिंत एक दिवस लांबच्या लांब फाटते. म्हणून पहिला नियम असा, की भिंतीत खळगा दिसत असेल किंवा झीज दाखवणारी खोबण बुजली असेल, तर त्या रिमवर रुंद टायरच काय, कोणताही टायर घालू नये.

खालची मर्यादा

कोणी म्हणेल, मग हवा कमी भरू. रुंद टायराचा फायदाच तो. बरोबर आहे. परंतु हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे, आणि अरुंद रिम ती मर्यादा वर ढकलते.

डोक्यावर घागर घेणाऱ्या बाईला विचारा, मोठी घागर लहानशा चुंबळीवर ठेवली तर काय होते? सरळ चालताना काही होत नाही. वळताना ती कलते. रुंद टायर अरुंद रिमवर असाच बसलेला असतो. वळणावर जमीन टायरच्या तळाला एका बाजूला ढकलते आणि रिम दुसऱ्या बाजूला जाते. खाली आधार एकोणीस मिलिमीटरचा, वर उंची त्याच्या दुपटीहून अधिक. टायर कुशीवर वळू पाहतो. हवा पुरेशी असेल तर तीच त्याला सरळ करते. हवा कमी असेल तर तो वळतच जातो. स्वाराला मागचे चाक पोहत असल्यासारखे वाटते, आणि पुढच्या चाकाला हे झाले तर हँडलचा भरवसा उरत नाही. त्याच वेळी आतल्या अंगाची कड बैठकीवरून उचलली जाते. ट्यूब असती तर येथवर हवा टिकली असती. ट्यूबलेसमध्ये त्या फटीतून फस्सकन हवा जाते. इंग्रजीत याला ढेकर देणे अशा अर्थाचाच शब्द आहे. एका ढेकरीत दहा-पंधरा पौंड गेले तर उरलेल्या हवेत टायर आणखी कुशीवर वळतो, आणि दुसऱ्या ढेकरीला तो रिमबाहेर असतो.

यावरून सगळ्या प्रश्नाचा गाभा हाती येतो. दाबाला दोन मर्यादा आहेत. वरची मर्यादा रिमच्या आणि कडेच्या ताकदीची, खालची मर्यादा टायरच्या स्थैर्याची. जुळत्या जोडीत या दोन मर्यादांमध्ये भरपूर अंतर असते. पाच-सात पौंड इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. टायर जसजसा रिमच्या मानाने रुंद होतो तसतशी वरची मर्यादा खाली येते, खालची वर जाते, आणि मधली वाट अरुंद होत होत शेवटी बंद होते. जेथे ती बंद झाली तेथे कोणत्याही पंपाने, कोणत्याही सीलंटने ती उघडत नाही.

मग किती रुंद चालेल?

ढोबळ हिशेब असा सांगता येईल. टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट असेल तर जोडी सुखाची. सव्वादोन पटींपर्यंत, रिम ट्यूबलेससाठीच केलेली असेल तर, जपून चालेल. त्यापलीकडे ट्यूबलेसचा विचार सोडावा. म्हणजे १७ मिलिमीटरच्या रिमला ३४-३८ पर्यंत, १९ च्या रिमला ३८-४२ पर्यंत, २३ च्या रिमला ४६-५१ पर्यंत. हा आमचा सावधगिरीचा अडाखा आहे, कायदा नव्हे. रिम करणाऱ्याने किंवा टायर करणाऱ्याने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. जुन्या मानक कोष्टकात १३ मिलिमीटरच्या रिमला १८ ते २५ आणि १५ च्या रिमला २३ ते ३२ एवढीच मुभा होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. १९९० च्या दशकातल्या डोंगरी सायकली सतरा-एकोणीस मिलिमीटरच्या रिमांवर दोन-सव्वादोन इंची टायर घालूनच डोंगर उतरत असत. हे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते, आणि काही कोष्टके आजही त्याला परवानगी देतात. मग आम्हीच एवढे का भितो? उत्तर असे, की त्या टायरांत ट्यूब होती, रिमला आकडा होता, आणि ट्यूब चिमटू नये म्हणून स्वार हवा बऱ्यापैकी चढी ठेवत. म्हणजे खालच्या मर्यादेपर्यंत ते सहसा जातच नसत. ट्यूबलेसचे आकर्षणच मुळी कमी हवेत आहे. जुनी परवानगी ट्यूबच्या टायराची. ती ट्यूबलेसला लावणे म्हणजे एका खात्यावरची पत दुसऱ्या खात्यावर वापरण्यासारखे आहे.

उलट दिशेची चूकही होऊ शकते, हे येथे सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील शर्यतीत टॉमस दे गेंड्ट हा बेल्जियन स्वार पडला तेव्हा त्याचा पुढचा टायर रिममधून निघून आलेला साऱ्या जगाने पाहिला. तेथे रिम बिनआकड्याची, आतून २५ मिलिमीटर रुंद होती आणि टायर २८ चा, म्हणजे रिमच्या मानाने अरुंद. कारणांविषयी पुष्कळ वाद झाला. वाटेत कशावर तरी चाक आदळले असेही सांगण्यात आले. आपल्यापुरता बोध एवढाच, की ज्यांच्या दिमतीला निष्णात कारागीर असतात त्यांनाही कोष्टकाच्या काठावर उभे राहणे परवडत नाही. बिनआकड्याच्या रिमला कमाल दाब ७२.५ पौंड ठरवून दिलेला आहे. तो कोणत्याही टायराला ओलांडावयाचा नाही.

घाट आणि ऊन

आपल्या प्रदेशात हा प्रश्न अधिक गंभीर होतो तो घाटांमुळे. सह्याद्रीचे घाट म्हणजे लांब उतार आणि एकामागून एक वळणे. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर उतारावर रिम तापते, आणि तिच्याबरोबर आतली हवाही. पंचवीस अंशांची हवा पंच्याहत्तर अंशांवर गेली, तर ४५ पौंडांचा दाब सुमारे ५५ पौंड होतो. म्हणजे सकाळी पायथ्याशी हिशेबाने भरलेली हवा उतारावर, नेमक्या वाईट जागी, दहा पौंडांनी वाढलेली असते. त्याच तापाने टेपचा चिकटाही सैल पडतो. भर उन्हात सायकल उभी करून ठेवल्यानेही थोड्या प्रमाणात हेच घडते. म्हणून वरच्या मर्यादेला टेकून हवा कधीच भरू नये. वाढीला जागा ठेवावी. लांब उतारावर ब्रेक सतत चोळत न राहता थोडा वेळ घट्ट दाबून सोडावे, दोन्ही ब्रेक वापरावे, आणि रिम हात लावण्यापलीकडे तापली तर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

बसवताना घ्यावयाची काळजी

ज्यांची जोडी वरील हिशेबात बसते त्यांनी पुढील क्रम पाळावा. प्रथम टायर आणि रिम या दोहोंवर ट्यूबलेसला योग्य असल्याचा निर्देश आहे का ते पाहावे. एकावर असून चालत नाही. साध्या टायरची कड ट्यूबलेसच्या जोरासाठी केलेली नसते. ती हळूहळू ताणते आणि काही दिवसांनी अवचित सुटते. रिमला टेपचे जादा थर देऊन सैल टायर घट्ट करणे हा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. नेमून दिलेला एखादा थर ठीक. थरावर थर चढवून रिमचे माप बदलणे म्हणजे सैल धावेखाली चिंध्या कोंबण्यासारखे आहे.

टायर चढवल्यावर, तो चिमट्यात आणि ब्रेकमध्ये घासत नाही ना, हे पाहावे; प्रत्येक बाजूला पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल आणि खडे अडकून चाक जाम होते. मग कडांना साबणाचे पाणी लावून हवा भरावी. वाहनांच्या पंपावरील कॉम्प्रेसरने भसाभस हवा सोडू नये. रुंद टायरात हवा फार मावते, आणि टायर सुटला तर आवाजाने कान बधिर होतात, सीलंट डोळ्यांत जाते, बोटेही मोडू शकतात. टायर आणि रिम यांवर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल तो ओलांडू नये. चेहरा चाकावर वाकवू नये, आणि मुलांना शेजारी उभे करू नये.

कड बसल्याचा टणत्कार ऐकू आला म्हणून समाधान मानू नये. टायरच्या कडेलगत एक बारीक रेषा असते. ती दोन्ही बाजूंना, सबंध घेरात, रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. त्यानंतर एक सोपी आणि फार उपयोगी परीक्षा आहे. सारी हवा सोडून द्यावी आणि अंगठ्यांनी टायरची कड आत ढकलून पाहावी. जुळत्या जोडीत कड बैठकीवर अडून बसते. पुष्कळ जोर केल्याशिवाय पन्हळीत पडत नाही. जी कड अंगठ्याच्या साध्या दाबाने घसरते ती रस्त्यावर हवा कमी झाल्यावरही तशीच घसरेल. अशी जोडी ट्यूबलेस चालवू नये. परीक्षेत जी जोडी उतरली तिच्यात सीलंट घालावे, हवा भरून एक रात्र ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन्ही बाजूंना वळणे घेऊन पाहावे. टायर पोहतो असे वाटले तर दोन-दोन पौंड हवा वाढवावी. वरच्या मर्यादेजवळ जाऊनही पोहणे थांबत नसेल तर ती जोडी आपली नव्हे, हे ओळखावे.

ज्यांची जोडी जुळत नाही त्यांनी काय करावे?

जुन्या दांड्याच्या सायकलीच्या पोलादी रिमा ट्यूबलेससाठी नाहीतच. त्यांचा मोह धरू नये. त्यांना मिळणारे ४० मिलिमीटर रुंदीचे ट्यूबचे टायर मुळातच आपल्या रस्त्यांना पुरेसे आहेत. १३-१५ मिलिमीटरच्या रिमांच्या शर्यती सायकलींना पंचवीस-अठ्ठावीसचे चांगले टायर घालावे, आणि तेही रिमच्या मर्यादेत. १७-१९ मिलिमीटरच्या रिमांवर ज्यांना पंचेचाळीस-पन्नासचे टायर हवेच आहेत, त्यांनी निर्मात्याची मुभा असेल तर ट्यूब घालून, हवा अगदी न उतरवता चालवावे. किंवा पैसे साठवून आतून तेवीस-पंचवीस मिलिमीटर रुंद अशा नव्या रिमा त्याच तुंब्यांवर विणून घ्याव्या. तुंबे चांगले असतील तर सबंध चाक टाकून देण्याचे कारण नाही. आणि दोन चाकांपैकी एकाच चाकाची रिम बदलणे परवडत असेल, तर ती पुढच्याची बदलावी. मागचे चाक दगा देते तेव्हा स्वाराला सावरावयास क्षण मिळतो. पुढचे तो देत नाही.

ट्यूब घालणे मागासलेपणाचे आहे, अशी एक भावना तरुणांत दिसते. आम्हांस ती पटत नाही. डनलॉपपासून आजवर कोट्यवधी माणसे ट्यूबवरच शाळेत, गिरणीत, शेतावर आणि कचेरीत गेली. पंक्चर झाले तर दहा मिनिटे जातात. टायर रिमबाहेर आला तर काय जाते, ते सांगावयास नको.

रुंद टायराला आमचा विरोध नाही, ट्यूबलेसलाही नाही. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि जुळत्या रिमवर त्या आपल्या रस्त्यांसाठी उत्तम आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की टायर विकत घेण्यापूर्वी एकदा रिम मोजा. दुकानदाराला रुंदीचा आकडा विचारा. त्याला तो ठाऊक नसेल तर कॅलिपर मागा. घरातील मुलगा किंवा मुलगी नवे टायर घालून घाटात निघाली असेल, तर किती किलोमीटर जाणार हे विचारण्याआधी रिम आतून किती मिलिमीटर आहे हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी घाट राहू द्या. घाट कोठे जात नाही.